प्रत्यक्षाचा रकाना

सरकारी खर्चावर नागरिकांनी लक्ष का ठेवायचं, या प्रश्नाला माझ्याकडे कित्येक वर्षं एकच उत्तर होतं: चोर पकडायला. ते उत्तर आता माझं राहिलेलं नाही. ते कसं सुटत गेलं आणि त्याच्या जागी काय आलं, हे नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्यासारख्याच पेपर वाचून संतापणाऱ्या माणसांपुढे मांडावंसं वाटतं.

मी वाणिज्य शाखेला लेखापरीक्षण शिकवत असे. या विषयात १८९६ सालचा इंग्लंडमधला किंग्स्टन कॉटन मिलचा खटला प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. हिशेब तपासणारा हा राखण करणारा कुत्रा आहे, वास घेत माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, अशा अर्थाचं त्या निकालात न्यायाधीशांनी म्हटलं आहे. वर्गात मी हे मनापासून समजावून सांगत असे. पण सार्वजनिक पैशाचा विषय निघाला की मला शिकारीच हवा असे. माझ्या पिढीचं मन माहिती अधिकाराच्या लढ्याच्या दिवसांनी घडवलं होतं. २००३ च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारे मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले, महाराष्ट्राला माहिती अधिकाराचा कायदा मिळाला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा कायदा पूर्णपणे लागू झाला. दहा रुपये भरून लिहिलेला एक साधा अर्ज मोठ्या कार्यालयाला उत्तर द्यायला लावतो, ही गोष्ट तेव्हा आम्हाला अंगावर रोमांच आणणारी होती. अजूनही आहे.

सरकारी संकेतस्थळांवर मात्र माझा अजिबात विश्वास नव्हता. माझा युक्तिवाद सरळ होता. ज्याला पैसा खायचा आहे तो त्याचा कागद स्वतःहून सगळ्या जगापुढे ठेवील कशाला? तिथे जे असेल ते दाखवण्यापुरतं असेल. खरं ते फाइलीत, आणि फाइलीतलं ते अर्ज केल्याशिवाय मिळायचं नाही. या युक्तिवादात आजही थोडं तथ्य आहे. पण तो ज्या प्रश्नावर उभा होता तो प्रश्नच माझ्यासाठी बदलला.

बदल सुरू झाला तो पुरानंतर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदी आपल्या काठच्या घरांत शिरली. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, गोकुळपेठ, शंकरनगर, पुढे रामदासपेठ, थेट बर्डीपर्यंत. लोकांना घरांतून बाहेर काढायला सैन्याच्या तुकड्या आल्या. माणसं दगावली. तळमजल्यावरचे फ्रिज, पुस्तकं, लग्नाचे अल्बम, दुकानांतला माल, सगळं चिखलात. नाग ही नदी आहे हे आमच्यातले बरेच जण विसरले होते. आम्ही तिला नालाच म्हणत असू.

सरकारने बाधित कुटुंबांना १० हजार आणि दुकानदारांना ५० हजारांपर्यंत मदत जाहीर केली. पुढे नद्यांच्या पडलेल्या संरक्षक भिंती, रस्ते, पूल यांच्या कामांसाठी २०० कोटींहून अधिक रकमेला मंजुरी मिळाल्याची बातमी आली. गोकुळपेठच्या बाजारात भाजी घेताना जो तो एकच वाक्य बोलत होता, आता हे वाटून खातील. मीही तेच बोलत होते. फरक एवढाच की मला ते सिद्ध करायचं होतं.

एरवी अशा वेळी माणूस नगरसेवकाला फोन करतो. पण महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली होती, निवडणूक झाली नव्हती, कारभार प्रशासकांकडे होता. कुठल्या गल्लीत कोणतं काम कधी, हे विचारायला दारावर कुणी येत नव्हतं आणि आम्हाला जायला दार नव्हतं. भाचीने लॅपटॉप समोर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, सगळं यातच आहे म्हणतात. बघ तरी." त्या काळात ज्याच्यावर विश्वास नव्हता तेच तेवढं हाताशी उरलं होतं, म्हणून मी बघायला बसले.

पहिली गोष्ट कळली ती ही, की पैशाचा प्रवास एक असतो पण तो एका जागी कुठेच दिसत नाही. मंजुरी दिसते राज्य शासनाच्या संकेतस्थळावर, शासन निर्णयांत. प्रत्येक निर्णयाला अठरा अंकी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. एकदा हे समजलं की बातमीतल्या तारखेवरून मूळ कागद शोधता येतो. त्या कागदात रक्कम असते, कोणत्या कामासाठी हे असतं, अटी असतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेखाशीर्ष असतं, म्हणजे हा खर्च कोणत्या खात्यावर पडणार तो आकडा. बातमीत हे कधीच छापत नाहीत.

लेखाशीर्ष हाती आलं की बीम्स उघडायचं. ही राज्याच्या वित्त विभागाची अर्थसंकल्प वितरणाची प्रणाली. लेखाशीर्षाखाली तरतूद किती, त्यातला निधी वितरित किती आणि खर्च किती, हे तिथे सामान्य माणसाला दिसतं. मंजूर होणं आणि मिळणं यांत किती अंतर असतं हे मला हिशेब शिकवून जेवढं कळलं नव्हतं तेवढं इथे कळलं. पण बीम्सला पैसा महापालिकेकडे गेला एवढंच माहीत. पुढे त्याची भिंत झाली की नाही, ते त्याच्या कक्षेत नाही.

भिंतीसाठी जायचं महाटेंडर्सवर. राज्यातल्या सरकारी कार्यालयांच्या, महापालिकांच्या ई-निविदा तिथे निघतात. तिथे मी अनेक संध्याकाळी घालवल्या. कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरं भरायची, एखादं पान वाचत बसलं की सत्राची वेळ संपली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सापडलेल्या पानाचा दुवा जपून ठेवता येत नाही, म्हणून निविदा क्रमांक वहीत उतरवून घ्यायचा. चिकाटी लागते, पण पासवर्ड लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही. निविदेची स्थिती उघडली की किती जणांनी भाग घेतला, तांत्रिक लिफाफ्यात कोण बाद झालं, कोणी किती दर भरला, काम कोणाला गेलं हे दिसतं. कंत्राटदार मंडळी ज्याला 'बिलो' म्हणतात, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा इतके टक्के कमी, तेही काढता येतं. आणि चौथं दार महापालिकेच्या स्वतःच्या अर्थसंकल्पाचं, ज्यात हा सगळा पैसा जमेच्या आणि खर्चाच्या बाजूला कुठेतरी उतरलेला असतो.

अशी चार दारं, प्रत्येक दाराला आपल्यापुरतंच ठाऊक. मधला धागा नागरिकानेच ओवायचा. हे काम सरकारनेच करायला हवं, यावर माझं मत ठाम आहे. एका कामाला मंजुरीपासून शेवटच्या देयकापर्यंत एकच क्रमांक दिला तर निम्मी मेहनत वाचेल. पण तोवर ओवत राहणं आपल्या हातात आहे.

आता मुख्य गोष्ट. एवढं ओवून मला चोर सापडला का? नाही. निदान त्या कागदांत कुणाकडे बोट दाखवावं असं काही सापडलं नाही. आणि तरीही मी पूर्वीपेक्षा जास्त अस्वस्थ झाले. कारण मला दिसलं ते वेगळंच होतं.

नागनदीच्या नावाने कागद शोधताना तिच्यासाठीचा आणखी एक पैसा समोर आला. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी नागपुरात नागनदी प्रदूषण नियंत्रण प्रकल्पाची पायाभरणी केली होती. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतला, १९२५ कोटींच्या वरचा प्रकल्प. सांडपाण्याच्या वाहिन्या, शुद्धीकरण केंद्रं, नदी स्वच्छ करणं हा त्याचा हेतू, आणि हेतू चांगलाच आहे. त्यानंतर दहा महिन्यांच्या आत तीच नदी आमच्या घरांत आली, आणि मग भिंतींसाठी दुसरा पैसा, दुसऱ्या दप्तरातून, दुसऱ्या मान्यतेने आला. एक पैसा नदीच्या पाण्याच्या रंगासाठी, दुसरा पडलेलं पुन्हा उभं करण्यासाठी. या दोन्ही पैशांतला प्रत्येक रुपया प्रामाणिकपणे खर्च होतो असं धरून चाललं, तरी माझ्या मनातला प्रश्न जागच्या जागी राहत होता. पूर येण्याच्या आधीच्या वर्षांत तलावाच्या सांडव्याच्या आणि नदीच्या पात्राच्या देखभालीसाठी किती पैसा ठेवला होता, आणि ठेवलेल्यातला किती वापरला? पाण्याला जायला जागा किती ठेवायची, हे कुणी, कधी ठरवलं? सांडव्यापासून पात्रापर्यंतचे प्रश्न पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर जनहित याचिकेत गेले. पण त्यातल्या पैशाच्या प्रश्नाचं उत्तर एका साध्या रकान्यात असतं, आणि तो रकाना कुणी वाचत नाही.

सरकारी अर्थसंकल्पात एकाच बाबीसमोर चार आकडे असतात. मागच्या पुऱ्या झालेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येणाऱ्या वर्षाचा अंदाज. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतो तो शेवटचा आकडा, येणाऱ्या वर्षाचा. नागपूर महापालिकेचा अर्थसंकल्प आता पाच हजार कोटींच्या वर जातो आणि मथळा त्याचाच होतो. पण अंदाज म्हणजे इच्छा. प्रत्यक्ष म्हणजे झालेलं. एखाद्या वर्षी नाले-नदी सफाईला, शाळांच्या दुरुस्तीला, उद्यानांना मोठी रक्कम जाहीर होते. सुधारित अंदाजात ती मुकाट्याने खाली येते. आणि त्याच्याही पुढच्या वर्षीच्या पुस्तकात प्रत्यक्षाच्या रकान्यात ती किती उरली ते दिसतं. तोवर जाहीर झालेल्या आकड्यावर टाळ्या वाजवून झालेल्या असतात आणि कुणाला काही आठवत नाही. यात चोरी नाही. कुणाच्या खिशात काही गेलेलं नाही. पैसा फक्त खर्च झाला नाही, किंवा दुसरीकडे गेला. आणि तरी नागरिकाच्या आयुष्यावर याचा परिणाम कुठल्याही घोटाळ्याहून कमी नसतो. तीन वर्षांची तीन पुस्तकं शेजारी ठेवून एकच ओळ आडवी वाचली, की शहराने कशाला महत्त्व दिलं आणि काय मागे सारलं, याचा जो अंदाज येतो तो कुठल्याही भाषणातून येत नाही.

माझं मन इथे बदललं. चोर शोधणारा माणूस काम संपल्यावर पोचतो, कारण चोरी झाल्याशिवाय त्याला करण्यासारखं काही नसतं. ठरवणं मात्र त्याच्या खूप आधी घडतं: तरतुदीत, प्रशासकीय मान्यतेत, अंदाजपत्रकात, निविदेच्या अटींत. ते सगळं आता उघड्यावर आहे आणि ते वाचणारा कुणी नाही. हिवाळी अधिवेशन दर डिसेंबरात आमच्या शहरात भरतं, विधानभवन धरमपेठेपासून फार दूर नाही, तिथे हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या मंजूर होतात. आणि आमची तक्रार असते ती रस्ते बंद केल्याची.

या बदलावर माझं आणि समोरच्या काकांचं बरंच वाजलं. ते म्हणाले, "तुम्ही चोरांना मोकळं सोडलं. खाणारा खातच राहील, तुम्ही बसा रकाने वाचत." मी हा आक्षेप हलका मानत नाही. पैसा खाल्ला जातो. आणि खाण्याच्या खुणाही याच पानांवर उमटतात: एकाच रस्त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेखाली ठेवणं, तीन निविदा आणि तिघांचे दर एकमेकांना चिकटून असणं, दर वेळी बाकीचे तांत्रिक लिफाफ्यातच बाद होणं. हे दिसलं तर मी लिहीन, तक्रार करीन. पण लक्ष ठेवणं म्हणजे तेवढंच, असं धरलं की काय होतं याचं ब्राझीलचं उदाहरण मला पुन्हा पुन्हा आठवतं. त्या देशाने २००४ साली सरकारी खर्चाचं एक नावाजलेलं पारदर्शकता संकेतस्थळ सुरू केलं. २००८ साली त्यावरच्या नोंदींतून सरकारी कार्डांच्या वापराचं प्रकरण गाजलं आणि क्रीडामंत्र्यांनी सरकारी कार्डावर साडेआठ रेआलांच्या आतबाहेरचा टॅपिओकाचा पदार्थ घेतल्याची चर्चा देशभर झाली. पकडलं ते योग्यच झालं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो टॅपिओका. मोठे निर्णय नियमाप्रमाणे होतात, म्हणून ते कुणाला पकडावेसे वाटत नाहीत.

संकेतस्थळामुळे अर्जाची गरज संपत नाही. अर्जाला धार येते. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांत लिहावा लागतो. आमच्या भागातल्या सर्व कामांची माहिती द्या, असं लिहिलं की माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याचं उत्तर येतं. पण निविदा क्रमांक, कार्यादेशाची तारीख हाती असेल तर मागणी दोन ओळींत होते: या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची आणि अंतिम देयकाची प्रत द्यावी. 'एमबी' म्हणतात ती हीच पुस्तिका. किती लांबीची, किती जाडीची भिंत खरोखर झाली याची अभियंत्याने केलेली नोंद तिच्यात असते. कायद्याने आपल्याला कामाची पाहणी करण्याचा, साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार दिला आहे. तो फार थोड्यांना माहीत आहे. आणि २०१८ च्या नोव्हेंबरात शासनाने एक निर्णय काढला. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता यावेत, अशी सोय त्यात आहे. पुणे महापालिकेत असा प्रयोग त्याआधी झाला होता. मी सोमवारी गेले आहे. समोर बसलेल्या कनिष्ठ अभियंत्याला आपण आरोप करायला नाही तर वाचायला आलो आहोत हे कळलं की बोलणं वेगळंच होतं. त्या तरुण मुलाने मला अंदाजपत्रक कसं वाचायचं ते शिकवलं. दरसूचीतला दर, वाहतूक, कर, सगळं ओळीओळीने. शिकारी होऊन गेले असते तर तो फाइल पुढे सरकवून उठून गेला असता.

याचा एक छोटा फायदाही सांगते. आमच्याकडचा एक काँक्रीटचा रस्ता सांध्यांवर फुटू लागला होता आणि त्याच्या दुरुस्तीसाठी नव्याने तरतूद मागायचं चाललं होतं. जुन्या निविदेच्या कागदांत दोष दायित्व कालावधी लिहिलेला होता, आणि तो संपायला अवकाश होता. या काळात बिघाड झाला तर मूळ कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं असतं. आम्ही त्या पानाची प्रत जोडून पत्र दिलं. दुरुस्ती झाली, नवा पैसा न लागता. कुणाला शिक्षा झाली नाही, कुणाची बदली झाली नाही. पूर्वी मला अशा शेवटाने समाधान झालं नसतं.

तरी एक गोष्ट माझ्या या नव्या विश्वासालाही आडवी येते, आणि ती मला घरी कामाला येणाऱ्या ताईंनी दाखवली. त्या पांढराबोडीत राहतात. पुराच्या मदतीचा विषय निघाला तेव्हा मी त्यांना संकेतस्थळ, यादी वगैरे सांगू लागले. त्या म्हणाल्या, "मॅडम, यादी भिंतीवर लावाले पायजे होती. कोनाले भेटले, कोनाले नाई, आमाले एका मिंटात समजलं असतं." खरं आहे. कुणाच्या घरात किती पाणी होतं हे धरमपेठेतल्या कुठल्याही लॅपटॉपपेक्षा वस्तीला जास्त अचूक माहीत असतं. आमच्याकडे कागद आहे, त्यांच्याकडे साक्ष आहे. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या घेतल्या, त्यांची सगळी ताकद या दोन गोष्टी एका मंडपात आणण्यात होती. मस्टरवरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि तो माणूस समोर बसलेला. माहिती अधिकाराच्या कायद्याची मुळं तिथे आहेत. त्याच कायद्याचं चौथं कलम कार्यालयांना न मागता माहिती द्यायला सांगतं, आपापल्या संस्थांना दिलेला पैसा आणि झालेलं वाटप यांसह. आणि ती स्थानिक भाषेत, त्या भागात पोचेल अशा रीतीने द्यावी असंही सांगतं. प्रसाराच्या मार्गांत इंटरनेटच्या आधी सूचनाफलकाचं नाव आहे. आपण मात्र पीडीएफ चढवली की कलम पाळलं असं मानून बसलो आहोत.

म्हणून आता आम्ही काही जण मिळून अर्थसंकल्प आला की आमच्या भागाशी संबंध असलेल्या ओळी वेगळ्या काढतो, मराठीत सरळ लिहितो, छापतो आणि लावतो. आमच्या इमारतींच्या जिन्यात, झेंडा चौकाजवळच्या एका दुकानात, आणि ताईंच्या वस्तीत. तिथल्या बायका त्यावर पेनाने लिहून पाठवतात: हे झालं, हे झालं नाही, हे कुठं आहे ते दाखवा. काका अजून माझ्याशी सहमत नाहीत, पण दर जुळवून बघायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे.

पुढच्या अर्थसंकल्पाआधी महापालिकेला द्यायचं पत्र सध्या तयार होतं आहे. त्यात भिंतीची उंची वाढवावी असं लिहावं, असं निम्म्या लोकांचं म्हणणं आहे. माझं म्हणणं आहे की त्याआधी अंबाझरीच्या सांडव्यापासून बर्डीपर्यंतच्या पात्राची देखभाल ही अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळ असावी, आणि तिच्यासमोर गेल्या तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च छापावा. यावर रविवारी पुन्हा बसणार आहोत.